संचित रजेवरून उशिरा आलेल्या कैद्याची माफी कापली : त्याचं म्हणणं ऐकावं लागतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगतोय. फर्लोवर म्हणजे संचित रजेवर घरी आला असताना आईला दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. तो नऊ दिवस उशिरा, पण स्वतःहून हजर झाला. त्यानंतर त्याची माफी, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस, कापली गेली, पुढच्या फर्लोला तो अपात्र ठरला आणि दोन महिने घरच्यांची मुलाखत, म्हणजे कारागृहातली भेट, बंद झाली. त्याला कुणी काही विचारलं नाही, हातात कागद दिला नाही. चौकशीला गेलात तेव्हा गेटवर ऐकायला मिळालं, ‘शिक्षा झालेल्या माणसाला कसले आलेत हक्क?’ खरंच काही हक्क उरत नाहीत का, असं तुम्ही विचारताय.

उरतात. तुमच्या भावाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी ठोस आहेत. गेली कित्येक वर्षं मी उच्च न्यायालयात कैद्यांच्या रिट याचिका चालवतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकी पद्धतीने देता येणार नाही. निकाल सांगतो, आणि ते कागदावर कसे उतरवायचे तेही सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. तुमचा भाऊ उशिरा आला हे आपण नाकारत नाही, आणि कोर्टातही आपला तो मुद्दा नसेल. कोर्ट चार गोष्टी पाहतं. त्याला खुलासा विचारला का? त्याने दिलेलं उत्तर लिहून घेतलं का? आदेशात कारण लिहिलंय का? आणि सत्र न्यायाधीशांकडून त्या शिक्षेचं ज्युडिशिअल अप्रेझल, म्हणजे न्यायिक तपासणी, झाली का? या चारांपैकी एखादी कडी तुटली असेल, तर ‘पण तो उशिरा आलाच होता ना’ एवढ्या उत्तरावर कारागृहाला सुटता येत नाही.

१८९४ चा तुरुंग कायदा महाराष्ट्रात लागू करताना त्यात कलम ४८-अ घातलेलं आहे. रजेच्या अटी ‘पुरेशा कारणाशिवाय’ मोडल्या तर तो कारागृहातला अपराध समजावा आणि अधीक्षकाने कैद्याचा खुलासा घेऊन शिक्षा द्यावी, असा त्याचा आशय. हे कलम दोनदा वाचा. कारण पुरेसं होतं की नाही हे ठरवल्याशिवाय अपराध झाला असंच म्हणता येत नाही, आणि कारण पुरेसं होतं की नाही हे कैद्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. आईच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असू शकतो. पण तो कुणी पाहिलाच नसेल, तर अधीक्षकांनी ठरवलं तरी कशाच्या आधारावर?

ज्युडिशिअल अप्रेझल ही मात्र कायद्यातली गोष्ट नाही, ती सर्वोच्च न्यायालयाने घातलेली अट आहे. तिची हकिगत तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं, कारण ती एका कैद्याच्या पत्रातून आली. दिल्लीच्या तिहार तुरुंगातला सुनील बत्रा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. एका वॉर्डरने पैसे उकळण्यासाठी दुसऱ्या एका कैद्यावर दंडुक्याने केलेल्या भयानक अत्याचाराबद्दल त्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि मदतीला डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल हे वकील नेमले. डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. एकांत कोठडी, सक्तीच्या कामात किंवा आहारात त्रासदायक बदल, सवलती काढून घेणं, शिक्षेसारखा परिणाम होईल अशी दुसऱ्या तुरुंगात बदली, यातली कोणतीही गोष्ट सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायची नाही. तातडीच्या कारणाने आधी कळवता आलं नाही, तर कारवाईनंतर दोन दिवसांच्या आत कळवायचं. त्याच निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला आणि जिल्हा न्यायाधीशांनी नियमित भेटी द्यायला सांगितलं आहे.

यामागचा विचार सरळ आहे. बाहेर आपल्यावर अन्याय झाला तर आपण वकील गाठतो, वर्तमानपत्रात जातो, शेजारीपाजारी साक्षीला येतात. आत तक्रार ज्याच्याविरुद्ध, चावी त्याच्याच कमरेला. म्हणून कारागृहाबाहेरच्या एका न्यायाधीशाने कागद पाहायलाच हवा, असं कोर्टाने ठरवलं. आमच्याकडे माफी कपातीची प्रकरणं येतात तेव्हा मी सरकारी वकिलांकडे पहिल्यांदा अप्रेझलचाच कागद मागतो. तो नसेल तर अर्धी लढाई तिथेच झालेली असते. असेल तर त्यावरची तारीख पाहायची. आणि तारखेनंतर मजकूर. नुसतं ‘मान्य’ असं लिहून सही केली असेल, तर सत्र न्यायाधीशांनी डोकं लावून कागद पाहिलाच नाही असा मुद्दा घेता येतो.

हा मुद्दा हवेतला नाही. मुंबईतल्या जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे, आर्थर रोड कारागृहात होते. जून २००८ मध्ये तिथे त्यांच्यावर बळाचा वापर झाला, आणि त्यांना राज्यातल्या दुसऱ्या कारागृहांमध्ये हलवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कच्च्या कैद्याला कुठल्या तुरुंगात ठेवायचं हे ज्या कोर्टाने कोठडी दिली ते कोर्ट ठरवणार, आणि ती परवानगी देणं हे न्यायिक काम आहे. कार्यालयीन टिपणीवर होकार दिल्यासारखी ती देता येत नाही, कैद्याची बाजू ऐकावी लागते. त्यांच्यावरचे आरोप किती गंभीर होते ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी न्यायालय या बाबतीत हललं नाही. तुमचा भाऊ पक्का कैदी आहे, त्यामुळे बदलीबद्दलचा हा नियम त्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण न्यायाधीशाची सही म्हणजे विचार करून घेतलेला निर्णय, हे तत्त्व त्यालाही उपयोगी आहे.

गेटवर जे तुम्हाला ऐकवलं गेलं, त्याला पहिलं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दिलेलं आहे. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध केलं होतं. तिथे बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाही म्हटलं. सरकारचा युक्तिवाद असा की स्थानबद्धांना काय काय करता येईल याची यादी नियमांत आहे, पुस्तक बाहेर पाठवणं त्या यादीत नाही, म्हणून तसा हक्क नाही. उच्च न्यायालयाने संझगिरींची बाजू घेतली, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. माणूस आत आहे म्हणून उरलेलं स्वातंत्र्य सरकारच्या मेहेरबानीवर येत नाही. ते काढून घ्यायचं असेल तर तसा कायदा दाखवावा लागतो. आजही कारागृहांचं बोलणं त्या यादीच्याच भाषेत चालतं, ‘तशी तरतूद नाही’. तुमच्याशी कुणी असं बोललं तर नम्रपणे विचारा की मनाई करणारी तरतूद कोणती.

पुढे १९७४ मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातल्या नक्षलवादी कैद्यांच्या याचिकेत न्या. यशवंत चंद्रचूड यांनी स्पष्ट केलं की केवळ शिक्षा झाली म्हणून माणूस सगळे मूलभूत हक्क गमावत नाही. गंमत म्हणून सांगत नाही, पण त्या याचिकेत कैद्यांची मागणी पूर्ण मान्य झाली नव्हती. तरी तत्त्व टिकलं, आणि १९७८ मध्ये मेनका गांधी निकालाने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद २१ मधली ‘कार्यपद्धती’ न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं ठरवल्यावर त्याला धार आली. आपल्या घटनेत अमेरिकेसारखं ‘ड्यू प्रोसेस’चं, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी देणारं, कलम नाही. सुनील बत्राच्या पहिल्या निकालात, त्याच वर्षी, कृष्ण अय्यर यांनी म्हटलं की ते कलम नसलं तरी परिणाम तोच आहे. त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या पायांतल्या बेड्यांचाही प्रश्न होता. जवळपास दोन वर्षं त्या रात्रंदिवस पायांत होत्या.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे तर एक निकाल तुमच्या प्रकरणाशी अगदी जवळचा आहे म्हणून सांगतो. नेब्रास्का राज्यातल्या कैद्यांची चांगल्या वर्तनाची माफी शिस्तभंगासाठी कापली जात असे. १९७४ मध्ये वुल्फ विरुद्ध मॅक्डॉनेल या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माफी कापण्याआधी किमान चोवीस तास अगोदर आरोपाची लेखी सूचना द्या, कोणत्या पुराव्यावर आणि का शिक्षा केली हे लिहून द्या, आणि सुरक्षेला धोका नसेल तर कैद्याला साक्षीदार व कागदपत्रं मांडू द्या. वकील मात्र मिळणार नाही. पुढे १९९५ मध्ये सँडिन खटल्यात तिथल्याच न्यायालयाने हे दार बरंच लोटून घेतलं. तीस दिवस वेगळ्या कोठडीत ठेवलं तरी ही सगळी पद्धत पाळायची गरज नाही असं ठरवलं. हे निकाल इथे बंधनकारक नाहीत. पण ‘माफी ही सवलत आहे, हक्क नाही’ असं म्हणून सुनावणी टाळता येत नाही, हा युक्तिवाद किती जुना आहे ते त्यातून कळतं.

आता आपल्या कायद्यातली एक उणीव, जी मला आजही टोचते. १८९४ च्या मूळ कायद्यात कलम ४६ खाली अधीक्षक देऊ शकतील अशा शिक्षांची यादी आहे, समज देण्यापासून थेट तीस फटक्यांपर्यंत. कलम ५१ सांगतं की शिक्षेच्या नोंदवहीत काय लिहायचं. गंभीर अपराध असेल तर साक्षीदारांची नावं. पण पुराव्याचा सारांश, कैद्याचा बचाव आणि कारणांसह निष्कर्ष एवढं सगळं लिहायचं ते फक्त फटके मारायचे असतील तेव्हा. म्हणजे इंग्रजांनी बचाव लिहून घ्यायची गरज मानली ती केवळ चाबकासाठी. बाकी शिक्षांना नाव, नंबर, अपराध, तारीख, सही एवढं पुरे. नोंदवह्यांचे रकाने त्याच घडणीचे असतील, तर खुलाशाला जागाच नसते. जागा नाही म्हणून विचारत नाहीत, आणि विचारलं तरी लिहीत नाहीत. निकाल कितीही आले तरी रकाना बदलला नाही तर काम जुन्याच वळणाने चालतं.

कारण न लिहिता दिलेली शिक्षा कशी दिसते, याचा नमुना राजस्थानच्या किशोर सिंग प्रकरणात आहे. काही कैद्यांना आठ ते अकरा महिने एकांतात ठेवलं होतं, बेड्याही होत्या. त्यांनी तारेने दाद मागितली. कारागृहाने दिलेली कारणं अशी : तुरुंगात इकडेतिकडे भटकणं, उद्धट वागणं, स्वतःचं हिस्ट्री तिकीट फाडणं. हिस्ट्री तिकीट म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद. एक कागद फाडला म्हणून महिनोन्‌महिने एकांत! सर्वोच्च न्यायालयाने ही कारणं पोकळ ठरवून सगळं बंद करायला लावलं. तुमच्या भावाच्या आदेशात काय लिहिलंय हे आपण अजून पाहिलेलं नाही. ‘उशिरा हजर झाला’ एवढंच असेल तर ती फक्त घटना झाली. शिक्षेचं कारण त्यात आलेलं नसेल.

आणि कागद हातात न देणं. याबद्दल होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा ऑगस्ट १९७८ चा निकाल मी प्रत्येक ज्युनिअरला वाचायला लावतो. आरोपी प्राध्यापक, पदवीची बनावट प्रमाणपत्रं केल्याचा गुन्हा. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा मुदत केव्हाच उलटली होती, शिक्षाही भोगून झाली होती. तो म्हणाला, मला निकालाची प्रतच मिळाली नाही. उच्च न्यायालयाने प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. कारागृहाचं म्हणणं, कारकुनाने ती त्याला दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. दिल्याची सही? नव्हती. न्यायालयाने तेव्हापासून घालून दिलं की निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य मिळाली पाहिजे, कारागृहाने ती त्याच्या हातात देऊन लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायचा. हा निकाल कोर्टाच्या निकालाच्या प्रतीबद्दल आहे, कारागृहातल्या आदेशाबद्दल नाही. पण ज्या आदेशाने माणसाचं आत राहणं लांबतं, त्याची प्रत तरी कोणत्या न्यायाने नाकारणार?

आत राहणं लांबतं, हे मी मुद्दाम म्हणतोय. जन्मठेपेच्या कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षांची वर्गवारी आहे आणि ती वर्षं माफी धरून मोजली जातात. प्रत्यक्ष चौदा वर्षं मात्र भोगावीच लागतात. म्हणजे आज कापलेले दिवस पुढे सुटकेच्या तारखेत जाऊन बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये माफाभाई सागर या गुजरातमधल्या प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने शिक्षामाफी रद्द करण्यापूर्वी कैद्याला कारणे दाखवा नोटीस, उत्तराची संधी आणि कारणांसह आदेश या तिन्ही गोष्टी लागतात असं सांगितलं. अटीचा प्रत्येक भंग म्हणजे माफी रद्द, असं होत नाही. भंग किती गंभीर हे पाहावं लागतं. तो निकाल सुटलेल्या माणसाबद्दलचा असला तरी मी तुमच्या प्रकरणात तो नक्की दाखवेन.

आता जिथे तुमची बाजू कमकुवत आहे तेही ऐका. फर्लो. आपले १९५९ चे फर्लो व पॅरोल नियम आहेत, त्यातल्या नियम ४ मध्ये पूर्वी रजेवरून उशिरा आलेल्या कैद्याला फर्लो नाकारायची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नारायण साई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांचा अर्थ लावताना सांगितलं की फर्लो हा निरपवाद हक्क नाही, आणि गुजरात उच्च न्यायालयाने दिलेली रजा रद्द केली. त्यामुळे ‘फर्लो द्याच’ अशी मागणी करण्यापेक्षा ‘आईच्या आजारपणाचा विचार करून कारणांसह नव्याने निर्णय द्या’ अशी मागणी टिकते. मुलाखतीचं तसं नाही. कुटुंबाची भेट हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे फ्रान्सिस कोराली मुलिन निकालात १९८१ मध्येच ठरलं आहे. ती दोन महिने सरसकट बंद करणं ही सवलत काढून घेण्याची शिक्षा झाली, म्हणजे तिलाही अप्रेझल लागतं. वकिलाची भेट तर या नावाखाली थांबवताच येत नाही.

करायचं काय, ते आता. भावाने आतून एक साधा अर्ज द्यायचा : शिक्षेच्या आदेशाची प्रत, नोंदवहीतल्या नोंदीची प्रत, माझा खुलासा घेतला असल्यास तो, आणि सत्र न्यायाधीशांच्या अप्रेझलची प्रत मिळावी. हाच मजकूर तुम्ही बाहेरून माहिती अधिकारात टाका. व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची तरतूद त्या कायद्यात आहे, तिचा उल्लेख अर्जात वरच करा. दवाखान्याचे कागद, ॲडमिटची आणि डिस्चार्जची तारीख, डॉक्टरांचं पत्र, सगळ्याच्या प्रती जोडून जिल्हा व सत्र न्यायाधीश आणि कारागृह उपमहानिरीक्षक यांना निवेदन द्या, आवक शिक्का मारून घ्या. रजेवर असताना त्याने ज्या पोलीस ठाण्यात हजेरी लावली तिथे आईच्या आजारपणाबद्दल काही लेखी दिलं होतं का, हे त्याला आवर्जून विचारा. मुदत संपण्यापूर्वी दिलेला चार ओळींचा अर्ज नंतरच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जड असतो.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तेच सांगतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात येतात, भावाला त्यांच्याकडे नाव नोंदवायला सांगा. तुम्ही स्वतः प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलात तर काम लवकर होतं, असा माझा अनुभव आहे.

निवेदनाला उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर फौजदारी रिट याचिका. कैदी आतून पत्रानेही ती पाठवू शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी आता मुंबईची फेरी नाही. भावाचं कारागृह यात येत असेल तर तिथेच दाखल करायचं. याचिकेत तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा : माफी कपात रद्द, मुलाखत पूर्ववत, फर्लोवर कारणांसह फेरविचार. एकत्र केल्या तर फर्लोच्या अडचणीमुळे बाकी दोन्ही रखडतात. मुलाखतीसाठी अंतरिम आदेशही मागा, कारण दोन महिने संपल्यावर त्या मागणीला अर्थ उरणार नाही.